आखाजीचं साल

दिनेशच्या नावाची घागर चांगुणाने घर उठायच्या आतच भरून ठेवली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सासूबाई काय म्हणाल्या असत्या ते तिला तोंडपाठ होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरायची, वर लहानसं मडकं, त्यावर आंबा, आणि घरच्या पुरुषाने विस्तवावर घास टाकायचा. कळवणहून सून म्हणून आलेल्या कुसाबाईंनी नाशिकच्या मखमलाबाद रोडवरच्या या घरात हा सण आणला होता, आणि धाकटी सून चांगुणा तर अहिराणी मुलखातल्या नामपूरची, तिच्या रक्तातच आखाजी. दिनेश करोनात गेला तेव्हा घास टाकणार कोण हा प्रश्न आला. बाप लेकाला घास टाकत नाही. थोरला भाऊ सोमनाथ अमेरिकेत, विमानं बंद. चांगुणाने पदर खोचला आणि आपल्या नवऱ्याला स्वतः घास टाकला. तेव्हापासून दर आखाजीला तीच टाकत आली. कुणी काही बोललं नाही, कारण बोलणाऱ्याला दुसरा माणूस सुचवावा लागला असता.

यंदा तो दुसरा माणूस बाहेर सोफ्यावर बसून चहा पीत होता.

"सोमा आलाय ना आता," कुसाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या. "त्यो भरंल घागर. सख्खा भाऊ हाय."

"भरून झाली, आई."

"मंग घास तरी त्याच्या हातनं टाक."

"पयल्या पोळीचा घास बी टाकला. विस्तव बघा, धुमसतोय अजून."

कुसाबाईंनी विस्तव बघितला, सुनेकडे बघितलं, आणि खाली बसून आंबे पिळायला घेतले. रागावल्या की त्या आंबे फार जोरात पिळत. रस कोपरापर्यंत यायचा.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा दत्तू आला. दत्तू या घरचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं धरतात, तेव्हा आज त्याचा मान. चांगुणाने त्याच्या हातात नारळ दिला, नवी टोपी दिली. टोपी त्याला लहान झाली म्हणून दुसरी दिली; पहिली तशीच टीपॉयवर राहिली. "साल भरशील ना?" तिने रीतीप्रमाणे विचारलं, आणि दत्तूने नारळ कपाळाला लावून "भरीन" म्हटलं. ताट वाढायला मात्र कुसाबाई पुढे झाल्या. सालदाराचं आखाजीचं ताट घरच्या मालकिणीने वाढायचं असतं. दत्तूला काम चांगुणा सांगे, पगार चांगुणा देई, पण आमरसाची ती पळी कुसाबाईंनी आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती.

सोमनाथने या सगळ्याचे फोटो काढले.

"किती सुंदर आहे हे," तो बायकोला, निकिताला म्हणाला. "नुसता मालक-नोकर व्यवहार नाही, नातं आहे. तिकडे असं काही उरलेलं नाही."

 त्यांची पंधरा वर्षांची मुलगी सृष्टी फोटोत येऊ नये म्हणून खांबामागे सरकली.

दत्तू जेवून गेला आणि सोमनाथने घसा साफ केला. सणाच्या जेवणाआधी या घरात कुणी घसा साफ केला की काहीतरी निघतं, हे सगळ्यांना माहीत होतं. चांगुणा सांजोऱ्यांचं ताट घेऊन दारातच थांबली.

"बापू, आई, आम्ही परत यायचं ठरवलंय," सोमनाथ म्हणाला. "कायमचं. ह्यूस्टनचं घर विकायचं, सृष्टीला इथल्या शाळेत घालायचं. बावीस वर्षं झाली तिथे, अजून दुकानातला माणूस विचारतो, तुम्ही मूळचे कुठले. नाशिकचा म्हणून सांगायचं, आणि नाशिकला मात्र पाहुण्यासारखं येऊन जायचं. पुरे झालं आता. आपल्या मातीत..."

तो चष्मा काढून पुसायला लागला. देखावा नव्हता तो. सावळीराम बापूंनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. कुसाबाई तर माजघरात आंबे पिळता पिळताच रडायला लागल्या.

"देवानं ऐकलं," बापू म्हणाले.

"आणि पॅकहाऊसचं मी बघतो," सोमनाथ सावरून म्हणाला. "दिनेश गेल्यापासून त्याची खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर घरचं कुणीतरी बसायला हवं."

चांगुणाने ताट टीपॉयवर ठेवलं. त्या रिकाम्या खुर्चीत ती पाच हंगाम बसत होती. बसून बसून फाटलेली गादी तिने दोनदा बदलली होती. पिंपळगाव बसवंतला हायवेला लागून असलेल्या त्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षाचा कोणता घड पेटीत जाईल आणि कोणता बाजूला पडेल, ते तिच्या नजरेवर ठरे. रडायला वेळ नव्हता तेव्हा ती तिथे उभी राहिली होती, आणि आता घरचं कुणीतरी हवं होतं. ती न बोलता आत गेली. बोलली असती तर अहिराणी बाहेर पडली असती, आणि अहिराणीत ती कुणाचंही ऐकत नसे.

तिच्यामागोमाग निकिता आत आली.

"या ताई," चांगुणा शेगडीकडे तोंड करून म्हणाली. "खुर्चीचं माप घ्यायला आलात?"

"मला आत्ताच कळलं."

"काय?"

"आम्ही परत यायचं ठरवलंय, हे. मागे दोन-चारदा विषय निघाला होता, जायला हवं, बघू, असा. ठरलं हे मी तुझ्याबरोबरच ऐकलं."

चांगुणा वळली. थोरल्या जावेचं तोंड तिने आज पहिल्यांदाच नीट बघितलं. ते पांढरंफटक पडलं होतं.

निकिताला 'परत' हा शब्दच टोचला होता. नाशिकच्याच सिडकोतल्या बँक क्लार्कची ती मुलगी, लग्न होऊन या घरात आली आणि दोन वर्षं राहिली. माहेर रिक्षाने जाण्याइतकं जवळ, पण जायचं तर आधी सासूबाईंना विचारायचं, सासूबाई बापूंना विचारणार, बापू म्हणणार, पुढच्या आठवड्यात बघू. ती या घरातून गेली ती सुटून गेली होती. तिकडे जाऊन फिजिओथेरपीच्या सगळ्या परीक्षा तिने पुन्हा दिल्या. आज हॉस्पिटलमध्ये तिला विचारल्याशिवाय पेशंट कॉटवरून खाली पाय टेकवत नाही. आणि इथे तिचं उरलेलं आयुष्य सांजोऱ्यांच्या ताटाआधी जाहीर झालं होतं.

"मग तिथंच का नाय बोललात?" चांगुणाने विचारलं.

"बापूंच्या डोळ्यांत पाणी होतं. जीभच उचलेना."

"बापूंच्या डोळ्यात लगेच येतं पाणी. द्राक्षाचा भाव उतरला तरी येतं. त्याच्यावर जायचं नसतं, ताई."

निकिताला हसू फुटलं, आणि हसता हसता तिलाही रडू आलं. चांगुणाने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"तू काय करणार?" निकिताने विचारलं.

"मी कुठं जाणार नाय. खुर्ची बी जाणार नाय."

"आणि मी येणार नाही," निकिता म्हणाली. मोठ्याने म्हटल्यावर तिला एकदम मोकळं वाटलं.

या घरात दोघींना कायम एकमेकींच्या विरुद्ध मोजलं गेलं होतं. थोरली शिकलेली, धाकटी कामाची. थोरली साड्या पाठवते, धाकटी पाय चेपते. एका बाजूला उभं राहायची वेळ आजच आली होती.

"पण त्याला खरंच यायचंय गं," निकिता थोड्या वेळाने म्हणाली. "नाटक नाही करत तो. तिकडे अंगणात दोन द्राक्षाचे वेल लावलेत, मांडव घालून. रोज ऑफिसातून आला की आधी तिथे जातो. त्यांना कधी द्राक्षं लागली नाहीत."

"छाटणी चुकत असंल."

"असेल. त्याने कधी बागेत काम केलंच नाही ना. शिकायला बाहेर, मग नोकरीला बाहेर."

चांगुणाने गॅस बारीक केला. दिवाणखान्यात बापूंचा आवाज चढत होता.  मग तिने देवापुढचा दुसरा नारळ उचलला.

दिवाणखान्यात सावळीराम बापूंचं मनातल्या मनात घर बांधून झालं होतं. वर एक मजला चढवायचा, नातीला पूर्वेकडची खोली द्यायची. धाकटा लेक गेल्यापासून त्यांना आपण अर्धे झाल्यासारखं वाटत होतं. आता थोरला येतोय. पुन्हा पॅकहाऊसच्या दारात आपला लेक उभा राहील, लोक म्हणतील, सावळीरामाचा वंश बसला गादीवर. सुनेचं मन त्यांना दुखवायचं नव्हतं. सुनेला मन आहे हेच त्या घटकेला त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"ये इकडं," त्यांनी सृष्टीला बोलावलं. "आता तू इथलीच. तुझं मूळ इथं हाय."

"मला कुणी विचारलं नाही, बापू," सृष्टी म्हणाली. तिचं मराठी आईकडून आलेलं, सिडकोचं, स्वच्छ.

"इचारायचं काय त्यात? झाडाला इचारतं का कुणी? मूळ जिथलं, झाड तिथलं."

"पण तुमच्या बागेतल्या द्राक्षांचं मूळ टेक्सासचं आहे."

"सृष्टी," सोमनाथ म्हणाला.

"खरंच. काकूने काल बागेत दाखवलं. खालचा मुळांचा खुंट डॉगरीज जातीचा, त्याच्यावर आपल्या थॉमसनचं कलम. तो खुंट टेक्सासमधून आलेला. म्हणून पाणी कमी असलं, खारट असलं, तरी बाग उभी राहते. मीपण टेक्सासची आहे. मग मी इथली आहे की तिथली? कुणीतरी मला हे नीट सांगा, नाहीतर मला विचारा तरी."

 बापूंना दिनेश आठवला, आणि तो अशा भलत्याच वाटेने आठवला म्हणून त्यांना जास्तच लागलं. त्यांच्या हाताने लावलेली जुनी बाग एका दुष्काळात वाळत चालली होती. दिनेश म्हणाला, बापू, उपटू, आपण डॉगरीजवर नवी बाग लावू. परदेशी मुळं माझ्या रानात नकोत म्हणून बापू त्याच्याशी किती दिवस बोलले नव्हते. पोराने ऐकलं नाही. आज मखमलाबादची सगळी बाग त्या परदेशी मुळांवर उभी होती.

"पोरीला लय बोलायला शिकवलंय," ते शेवटी म्हणाले, पण आवाजात मघासारखा जोर नव्हता.

तेवढ्यात चांगुणा बाहेर आली. तिच्यामागे निकिता. कुसाबाईही रसाचं पातेलं घेऊन दारात येऊन बसल्या, कारण माजघरात एकटं बसून त्यांना नीट ऐकू येत नव्हतं.

"दादा, एक इचारते," चांगुणा सोमनाथला म्हणाली. "तुम्हाला खुर्ची पायजे का काम पायजे?"

"अगं, मी तुझ्यासाठीच म्हणत होतो. एकटीने किती वर्षं ओढणार तू? आता जरा आराम कर. वेदिकाकडे पुण्याला जाऊन राहा थोडे दिवस."

"लेक शिकायला गेलीय तिथं. तिच्या खोलीत मी कुठं बसू? आन् आराम मी मागितला नव्हता, दादा. खुर्चीवर घरचं माणूस पायजे म्हणालात. पाच हंगाम तिथं मी बसते. मंग मी कोण?"

 सोमनाथने खरंच तिचा विचार केला नव्हता, आणि केला नव्हता हे त्याला आत्ता, सगळ्यांसमोर कळलं.

"चांगुणा," बापू म्हणाले. "पॅकहाऊस माझ्या नावावर हाय. तिथं कुणाला बसवायचं ते मी ठरवंन."

"ठरवा की. कागद तुमचा, भिंती तुमच्या. पण शेतकरी माल आणतो तो कागद बघून आणत नाय. चांगुणाबाई हाय का, इचारतो, मंग टेम्पो आत घेतो. मी नसले तर टेम्पो पुढच्या पॅकहाऊसला जातो. बसवा दादांना भिंतीत."

"म्हंजे तू घर सोडायची धमकी देती?"

"मी कुठं बी जाणार नाय." चांगुणाचा आवाज चढला आणि जी अडवून धरली होती ती अहिराणी बाहेर पडली. "हाई घर मन्हं बी शे."

हे घर माझंही आहे. एवढं अहिराणी त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं, सृष्टीलासुद्धा.

चांगुणाने हातातला नारळ टीपॉयवर ठेवला आणि दत्तूला लहान झालेली टोपी उचलून त्याच्याशेजारी ठेवली.

"आज आखाजी हाय," ती शांत होऊन म्हणाली. "साल आजच धरत्यात. दादा, तुम्हाला यायचंय तर या, घर तुमचं बी हाय. पण खुर्चीवर नाय, सालाने या. एक साल टेम्पोतून क्रेट उतरवा, बायांच्या रांगेत उभं राहून घड निवडा, चुकला तर त्यांची बोलणी खा. बागेत दत्तूच्या हाताखाली छाटणी शिका. पुढच्या आखाजीला खुर्चीचं बोलू."

बापू उठून उभे राहिले. "थोरल्या लेकाला सालदार करती? माझ्या घरात? माझ्यादेखत?"

"दत्तूचे फोटो काढले तवा लय सुंदर हाय म्हणाले दादा. व्यवहार नाय, नातं हाय म्हणाले."

सोमनाथचा चेहरा लाल झाला. त्याने बायकोकडे बघितलं. बावीस वर्षं अडचणीत तो तिच्याकडेच बघत आला होता.

"ती बरोबर बोलतेय," निकिता म्हणाली. "आणि माझंही ऐक. ठरवलं तू. आम्ही नाही. मी आणि सृष्टी ठरल्या तारखेच्या विमानाने जाणार. माझं काम तिथे आहे, हिची शाळा तिथे आहे, आणि या घरात परवानगी मागत फिरण्याचं माझं वय गेलं. तुला ओढ आहे ती खोटी नाही, मला माहीत आहे. मग राहा. एक साल भर. पुढच्या आखाजीला आम्ही येऊ, तेव्हा आम्हाला विचार. सांगू नकोस, विचार."

"आणि नाही भरता आलं तर?"

"तर घरी ये. तुझ्या त्या दोन वेलांना पाणी तोवर मी घालते."

"निकिता, हा काय खेळ आहे?" सोमनाथ म्हणाला. "पन्नाशी आली माझी. मी क्रेट उचलायचे?"

"दत्तू साठीचा हाय," चांगुणा म्हणाली.

सोमनाथ टोपीकडे बघत राहिला. येताना विमानात त्याने हे सगळं डोळ्यांपुढे आणलं होतं. आपण पॅकहाऊसच्या दारात उतरतो, लोक जमतात, कुणीतरी हार आणतं. त्या चित्रात कुठे क्रेट नव्हता. अपमान झाला, असं त्याला आधी वाटलं, आणि तो झालाच होता. पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी वर आलं, ते त्याला अनोळखी होतं. या घरात तो आला की त्याला माठातलं पाणीसुद्धा कुणी उठून घेऊ देत नसे. बस, बस, तू बस. चहा हातात, गादी घातलेली, जेवताना सगळ्यांत आधी ताट त्याचं. इतक्या वर्षांत इथे त्याला कुणी एक काम सांगितलं नव्हतं. ही धाकटी भावजय सांगत होती.

"पॅकहाऊसची गाडी किती वाजता निघते?" त्याने विचारलं.

"हंगामात पहाटे. आता हंगाम नाय, पण क्रेट धुवायचे पडलेत. उजाडलं की निघायचं. मी वाट बघत नाय कुणाची."

सोमनाथने टोपी उचलली आणि डोक्यावर घातली. ती त्याला बरोबर बसली. सृष्टीने खांबामागे जाऊन हसू दाबलं.

"साल भराल ना, दादा?" चांगुणाने विचारलं. ती हसत नव्हती.

"भरीन," सोमनाथ म्हणाला, आणि नारळ कपाळाला लावला. दत्तूसारखा जमला नाही, जरा तिरका लागला.

"मी हे बघणार नाय," बापू म्हणाले. ते ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसले. आजच्या आज ते विरघळतील अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. "ताट बाहेर पाठवा माझं," तेवढं त्यांनी तिथूनच सांगितलं.

मग सगळ्यांचं लक्ष कुसाबाईंकडे गेलं.  लेक राहणार म्हणून त्यांना हसायचं होतं, आणि कसा राहणार ते बघून रडायचं होतं, आणि दोन्हीत त्या अडकून बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पाट मांडला, ताट ठेवलं, तुपाची वाटी ठेवली. सोमनाथ टोपीसकट पाटावर बसला. कुसाबाईंनी पातेल्यातून पळी भरून घेतली आणि त्याच्या वाटीपर्यंत नेली.

तिथे त्यांचा हात थांबला. आत विस्तव विझत आला होता, दिनेशच्या घागरीवरचा आंबा तसाच होता. त्यांनी एकदा त्या घागरीकडे बघितलं, आणि भरलेली पळी धाकट्या सुनेपुढे धरली.

"घे," त्या म्हणाल्या. "सालदाराचं ताट मालकीण वाढती."

चांगुणाने पदर खोचला आणि पळी घेतली.